घोड्यासाठी डॉक्टर घरी बोलवायचे आहेत? खर्च कुठे होतो आणि कुठे वाचतो

घोडा घेताना आपण दात पाहतो, चाल पाहतो, खूर उचलून पाहतो. जुनी माणसं भोवरेही मोजतात. घरापासून घोड्याच्या डॉक्टरपर्यंत रस्ता किती किलोमीटर आहे, हे मात्र घोडा दारात आल्यावर आठवतं, आणि तेही बहुतेक वेळा रात्री. मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला राहतो. घरी दोन घोड्या आहेत. लग्नसराईत वरातीला जातात, बाकीचे दिवस शेताच्या वाटेवर फिरतात. आजूबाजूच्या गावांत आता बरीच तरुण पोरं घोडा पाळू लागली आहेत, कोणी वरातीच्या धंद्यासाठी, कोणी हौसेनं. त्यांचा पहिला फोन एकाच गोष्टीसाठी असतो: "भाऊ, डॉक्टर घरी आले तं किती घेतात?"

याला एका आकड्याचं उत्तर नाही. अंतर, वेळ, आजार आणि औषध बदललं की बिल बदलतं. पण ते बिल कशाकशाचं बनतं हे कळलं, तर त्यातलं बरंच आधी ठरवता येतं. माझा अनुभव असा की डॉक्टरांची फी कमी करणं आपल्या हातात फारसं नसतं. त्यांच्या फेऱ्या कमी करणं मात्र पुष्कळ असतं. पुढचं सगळं त्याच हिशेबानं लिहिलं आहे.

आधी बिल समजून घ्या

घरभेटीच्या बिलात साधारण पाच गोष्टी असतात: येण्या-जाण्याचा खर्च, तपासणीची फी, तिथे केलेलं काम (नाकातून नळी घालणं, टाके, सलाईन), औषधं, आणि अवेळी आल्याचा जादा आकार. पुन्हा यावं लागलं तर पहिली गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

येण्या-जाण्याचा हिशेब करून पाहा. समजा डॉक्टर ४० किलोमीटरवरून येतात. जाऊन-येऊन ८०. गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर सव्वापाच लिटरच्या वर पेट्रोल लागतं. लिटर शंभराच्या पुढे आहे, म्हणजे पाच-साडेपाचशे रुपये नुसते रस्त्यात जळाले. त्यात आपल्याकडचे रस्ते, म्हणजे जाण्या-येण्यात दोन-अडीच तास. घोड्याची पोटदुखी असेल तर इलाज करून तासभर थांबून पाहावं लागतं. अर्धा दिवस गेला. तेवढ्या वेळात त्यांनी आपल्या दवाखान्यात कितीतरी गाई-बकऱ्या पाहिल्या असत्या. "एक इंजेक्शन दिलं अन् एवढे पैसे?" असं बोलणाऱ्यानं हा हिशेब मांडून पाहावा.

औषधाचं वेगळंच. डोस वजनावर ठरतो. ३० किलोच्या बकरीला जेवढं लागतं त्याच्या दहापट ३०० किलोच्या घोडीला. सलाईनचं उदाहरण घ्या. घोडीच्या अंगातलं पाणी वजनाच्या ६ टक्के कमी झालं असेल तर ३०० किलोला १८ लिटरची तूट होते. अर्ध्या लिटरच्या बाटल्या मोजल्या तर ३६. म्हणून जिथे आतडी चालू असतात तिथे डॉक्टर बरेचदा नाकातून पोटात नळी घालून पाणी आणि क्षार देतात. ते कितीतरी स्वस्त पडतं. डॉक्टरांकडे ही घोड्याची लांब नळी आहे का, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. त्याच्याकडे मी परत येतो.

१. घोडा घरी यायच्या आधी डॉक्टर ठरवा

आपल्याकडे चार दारं आहेत. चारही आधीच ठोठावून ठेवा.

पहिलं, जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. श्रेणी-१ च्या दवाखान्यात पदवीधर पशुवैद्य, म्हणजे पशुधन विकास अधिकारी असतात. श्रेणी-२ चे बरेच दवाखाने पदविकाधारक पर्यवेक्षकांवर चालत आले आहेत. सरकारी सेवाशुल्क अगदी किरकोळ असतं. घोडा चालत जाऊ शकत असेल, आणि लस किंवा जंताचं औषध एवढंच काम असेल, तर सकाळच्या गारव्यात त्याला चालवत दवाखान्यात न्या. पाच-सात किलोमीटर चालणं हे घोड्याला औषधच आहे, आणि एक घरभेट वाचते.

दुसरं, १९६२ हा टोल फ्री नंबर. त्यावर फिरतं पशुवैद्यकीय पथक येतं. गाडीत एक पशुवैद्य, एक सहाय्यक आणि चालक असतो. आपल्या तालुक्यात गाडी कुठे उभी असते, कोणत्या वेळात निघते, रात्रीची येते का, हे घोडा धडधाकट असतानाच फोन करून विचारा.

तिसरं, खाजगी पशुवैद्य. इथेच खरा खर्च आहे आणि इथेच घोड्याचा अनुभव असलेलं माणूस सापडण्याची शक्यताही आहे. विदर्भ हा गाई-म्हशी-बकऱ्यांचा मुलुख. चांगले, कष्टाळू डॉक्टर आहेत, पण रोजच्या कामात घोडा क्वचितच येतो. विचारायला लाजू नका: "साहेब, घोड्याला नाकातून नळी घालता का? तुमच्याकडे नळी आहे का?" जे "नाही" म्हणतील त्यांचाही मान ठेवा. लस, जखम, ताप यांसाठी ते पुरेसे आहेत. पोटदुखीसाठी मात्र "हो" म्हणणारे डॉक्टर कुठल्या गावात आहेत, ते शोधून ठेवा. त्यांना आपल्याआधी जुने टांगेवाले, वरातीवाले आणि नालबंद ओळखतात. नालबंदाला तर विचाराच. दर सहा-आठ आठवड्यांनी तो शंभर घरचे घोडे पाहतो.

चौथं, मोठा दवाखाना. नागपूरला सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे, आणि अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे. वाशीम-बुलडाण्याकडच्यांना अकोला जवळ, वर्धा-भंडाऱ्याकडच्यांना नागपूर. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर आहे. पोटदुखीच्या घोड्याला एवढा रस्ता कसा न्यायचा, कोणाची पिकअप मिळेल, मागे कठडे उंच आहेत का, रात्री चालक उठेल का, हेही आधी बोलून ठेवा.

एक इशारा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ प्रमाणे इलाज करणारा नोंदणीकृत असावा लागतो. आपल्या राज्याची परिषद नागपूरलाच आहे. नोंदणी विचारणं म्हणजे अपमान नाही. गावात सुई घेऊन फिरणारा माणूस स्वस्त पडतो, लवकर येतो, गोड बोलतो. पण घोड्याच्या मानेत शिर आणि धमनी अगदी जवळजवळ असतात. शिरेचं औषध धमनीत गेलं तर घोडा जागेवर कोसळतो. काही दुखणं थांबवणारी औषधं स्नायूत दिली तर तिथलं मांस सडतं. इथे पैसे वाचवू नका.

२. आपल्या घोड्याचे आकडे पाठ करा

हे काम फुकटचं आहे आणि माझ्या मते या लेखातलं सगळ्यात मोलाचं. घोडा निरोगी असताना आठवडाभर रोज सकाळी मोजा आणि वहीत लिहा.

ताप: साधा डिजिटल थर्मामीटर, दीड-दोनशे रुपयांत मिळतो. त्याला दोरा बांधा, म्हणजे आत जाणार नाही. थोडं तेल लावून गुदद्वारात धरायचा, बाजूला उभं राहून, मागे नाही. मोठ्या घोड्याचं तापमान ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९ ते १०१ फॅरनहाइट. उन्हाळ्यात दुपारी थोडं वर जातं, म्हणून सकाळचं घ्या.

ठोके: डाव्या कोपराच्या मागे हात ठेवा, किंवा जबड्याच्या खालच्या कडेला बोटांनी नाडी शोधा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. शांत घोड्याचे मिनिटाला २८ ते ४४. पोटदुखीत हे ६० च्या वर गेले तर वाट पाहत बसायचं नाही.

श्वास: मिनिटाला ८ ते १६, कूस वर-खाली होते ती मोजा.

हिरड्या: ओलसर, गुलाबी. बोटानं दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत यावा.

पोटाचा आवाज: दोन्ही बाजूंच्या कुशीला कान लावा. गुडगुड ऐकू यायला हवी. आवाज अजिबात नसणं ही वाईट खूण.

वजन: शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर, आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. माझ्या धाकट्या घोडीचा घेर १६० आणि लांबी १४०. वजन आलं ३०२ किलो. डॉक्टरांना फोनवर वजन सांगितलं की ते औषध मोजून आणतात, अर्धवट आणत नाहीत.

३. आता बोलवायचं की उद्या

गाई-बैलांवर मोठे झालेल्या माणसाला घोडा इथे फसवतो. गाय चारा परत तोंडात आणून रवंथ करते. घोडा रवंथ करत नाही, आणि त्याला उलटीही होत नाही. पोटात साठलेलं वर यायला वाटच नाही, म्हणून पोट फुटण्याची भीती खरी आहे. गाईची वार पडायला बारा तास लागले तरी आपण फार घाबरत नाही. घोडीची वार तीन तासांत पडली नाही तर ती तातडीची वेळ आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं तर ताप, विषबाधा आणि खुरांचा आजार असं सगळं मागे लागतं. वेताच्या वेळीही तसंच: पाणी फुटल्यावर वीस-तीस मिनिटांत शिंगरू बाहेर यायला हवं. शिंगरू एका तासात उभं राहावं, दोन तासांत दूध प्यावं, आणि तीन तासांत वार पडावी. एक, दोन, तीन. भिंतीवर लिहून ठेवा.

लगेच फोन करायची कारणं: लोळणं, कुशीकडे वळून पाहणं, लीद बंद होणं, घाम फुटणं. डोळ्याला काहीही झालेलं. सांध्याजवळची जखम, कितीही लहान दिसली तरी. चारही पाय आखडून लाकडासारखं उभं राहणं. उठता न येणं. सापाचा संशय. नाकातून दाट स्राव आणि अंगावर गाठी.

सकाळपर्यंत थांबता येईल अशी कारणं: साधा खोकला असून खाणं चालू आहे, नाल सैल झाली आहे, एका पायावर हलकं लंगडणं आहे पण पाय टेकतोय, खरचटलं आहे आणि धनुर्वाताची लस झालेली आहे. रात्री अकराला बोलावण्यापेक्षा सकाळी आठला बोलावलं तर अवेळचा आकार वाचतो. पण शंका आली तर फोन करून विचारा. चांगला डॉक्टर फोनवरच सांगतो, "उद्या पाहू" किंवा "निघालोच".

४. फोनवर काय सांगायचं

माझ्या पहिल्या वर्षी मोठी घोडी, चांदणी, मार्च महिन्यात रात्री दोर तोडून खळ्यावर गेली आणि हरभऱ्याच्या ढिगात तोंड घातलं. सकाळी मला ती सुस्त दिसली. मी डॉक्टरांना फोन केला: "साहेब, घोडी बिमार आहे, खात नाही." हरभऱ्याचं सांगितलंच नाही, कारण तिनं किती खाल्लं ते मला माहीत नव्हतं आणि त्याचा आजाराशी संबंध आहे हे कळत नव्हतं. डॉक्टर तापाची तयारी करून आले. तपासल्यावर त्यांनी विचारलं, "दाणा खाल्ला का?" तेव्हा उलगडलं. नळी यवतमाळला राहिली होती. ते परत गेले, परत आले. दोन फेऱ्या झाल्या, आणि तीन-चार तास गेले ते वेगळेच. पोट सुटलं, पण दोन दिवसांनी खुरांत लॅमिनायटिस उतरला. खुराच्या आतलं अस्तर सुजतं आणि घोड्याला जमिनीवर पाय ठेवणं असह्य होतं. त्या वर्षीची लग्नसराई चांदणी पागेतच उभी होती. फेरीचा खर्च मी चार महिन्यांत भरून काढला. तिच्या पुढच्या पायांची चाल मात्र पूर्वीसारखी कधी झाली नाही.

तेव्हापासून माझ्या फोनचा साचा ठरलेला आहे. असा:

"डॉक्टरसाहेब, दारव्ह्याजवळून बोलून राहिलो. घोडी आहे, सात वर्षांची, वजन तीनशे किलो. सकाळी दहापासून लोळून राहिली, कुशीकडे पाहते. रात्रीपासून लीद नाही. ताप ३८.१, ठोके ५६, हिरड्या जरा फिक्या. काल संध्याकाळी नवीन कुटार टाकलं होतं. औषध काहीच दिलं नाही. धनुर्वाताची लस पोळ्याला झाली."

"बरं केलं सांगितलं. समोरचा चारा काढून घ्या. तोंडानं काही पाजू नका. मी नळी घेऊनच निघतो."

एवढ्या चार वाक्यांत दुसरी फेरी वाचते. जखम असेल तर आधी फोटो पाठवा, शेजारी नाणं किंवा काडेपेटी ठेवून, म्हणजे आकार कळतो. लंगडत असेल तर चालतानाचा व्हिडिओ. घराचं लोकेशन पाठवा आणि फाट्यावर माणूस उभा करा. रात्री पांदणीत गाडी चुकून अर्धा तास जातो.

"तोंडानं काही पाजू नका" हे पुन्हा लिहितो, कारण आपल्याकडे बैलाला बांबूच्या नळकांड्यानं तेल पाजायची सवय आहे. घोड्याच्या बाबतीत ते तेल फुप्फुसात जाऊ शकतं आणि पोटदुखीनं न मरणारा घोडा निमोनियानं मरतो. दुखणं थांबवणारं इंजेक्शनही आपल्या मनानं देऊ नका. दुखणं दबतं, आतला आजार तसाच वाढतो, आणि डॉक्टर आल्यावर त्यांना खरी अवस्था दिसत नाही.

५. डॉक्टर यायच्या आधीची तयारी

डॉक्टरांचा वेळ वाचला तर तुमचे पैसे वाचतात. उजेड असलेली, निसरडी नसलेली जागा. भारनियमनाचा भरवसा नाही, म्हणून चार्ज केलेली बॅटरी. दोन बादल्या स्वच्छ पाणी, त्यातलं एक कोमट, साबण, धुतलेलं फडकं. मजबूत म्होरकी आणि चांगला दोर. घोड्याला ओळखणारा, न ओरडणारा एक माणूस. गर्दी हटवा. आपल्याकडे डॉक्टरांची गाडी आली की अर्धं गाव जमा होतं, घोडा बुजतो, आणि सुई टोचायला वीस मिनिटं लागतात.

म्हणून घोड्याला रोज खरारा करताना पाय उचलू द्यायची, मान धरू द्यायची, तोंड उघडू द्यायची सवय लावा. माणसाला जवळ येऊ न देणाऱ्या घोड्याला आधी गुंगीचं औषध द्यावं लागतं, आणि त्याचं बिल वेगळं.

६. एका फेरीत चार घोडे

माझ्याकडे आणि शेजारच्या तीन गावांत मिळून सात घोडे आहेत. वर्षातून दोनदा आम्ही एक दिवस ठरवतो, एकाच्या वाड्यात सगळे घोडे आणतो आणि डॉक्टरांना एकदाच बोलावतो. येण्या-जाण्याचा खर्च सातांत वाटला जातो. डॉक्टरांनाही अख्खा दिवस कामाचा मिळतो, म्हणून तपासणीची फी ते स्वतःहून कमी करतात. आम्ही घासाघीस कधी केली नाही.

त्या दिवशी करायची कामं: धनुर्वाताची लस, रेबीजची लस, दात तपासणं, जंतांसाठी लीद तपासणीला देणं, आणि वजन पुन्हा मोजणं. धनुर्वात घोड्याला इतर जनावरांपेक्षा फार सहज होतो. गंजलेला खिळा, तारेचं कुंपण, नालेचं छिद्र एवढं पुरतं. लस न झालेल्या घोड्याला पहिल्यांदा साधारण चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस आणि मग दरवर्षी एक. एकदा आजार झाला की आठवडे लागतात, अंधाऱ्या शांत खोलीत ठेवावं लागतं, आणि बहुतेक घोडे वाचत नाहीत. लसीचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

एक सभा पावसाळ्याच्या तोंडावर आणि एक दिवाळीनंतर ठेवतो. पावसाळ्यात गोमाश्या वाढतात आणि त्यांच्या चावण्यातून सर्रा हा रक्तातल्या परजीवींचा आजार पसरतो. येऊन-जाऊन ताप, खाणं चालू असूनही वाळत जाणं, पोटाखाली आणि पायांना सूज. हा आजार रक्ताच्या काचपट्टीवर दिसतो, पण ताप चढलेला असताना रक्त घेतलं तरच नीट. म्हणून तापाची वही ठेवा. ती दाखवली की डॉक्टर योग्य दिवशी येतात, तीनदा येत नाहीत.

७. पैशाचं बोलणं

हे पहिल्याच भेटीत, घोडा बरा असताना करा. दिवसा किती, रात्री किती, किलोमीटरमागे किती, पुन्हा आले तर किती, उधार चालतं का, फोनपेवर चालतं का. रात्री बाराला घोडा लोळत असताना घासाघीस करू नका. पेट्रोलचे पैसे आधी द्या, बाकीचं उरकल्यावर. बिल कागदावर, बाबीवार मागा. बहुतेक डॉक्टर देतात.

मी प्रत्येक वरातीमागे ५०० रुपये वेगळ्या डब्यात टाकतो. वीस-पंचवीस वरातींत दहा-साडेबारा हजार जमतात. तुळशीच्या लग्नापासून जूनपर्यंत पैसे येतात आणि पावसाळ्यात खर्च येतो, म्हणून हा डबा लागतोच.

विम्याबद्दल गैरसमज फार आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात फेब्रुवारी २०२४ च्या केंद्र सरकारच्या निर्णयानं हप्त्यातला मालकाचा वाटा १५ टक्क्यांवर आणला आहे. पशुसंवर्धन विभागात चौकशी करा. पण तो विमा जनावर दगावल्यावर मिळतो. डॉक्टरांच्या फेरीचे पैसे त्यातून मिळत नाहीत.

आणि एक कठीण बोलणं. मोठा आजार असेल तर इलाज सुरू व्हायच्या आधीच विचारा, "साहेब, वाचायची आशा किती? एकूण किती लागतील?" घरातल्यांनीही हे आधी बोलून ठेवावं. एका शेजाऱ्यानं मोडलेल्या पायाच्या घोड्यावर पंधरा दिवस पैसे घातले, घोडा पंधरा दिवस यातनेत राहिला, आणि शेवट तोच झाला. डॉक्टर शांतपणे सोडवण्याचं बोलतात तेव्हा त्यांच्यावर रागावू नका.

८. फेरीच लागू नये म्हणून

चारा बदलायचा तर हळूहळू, आठ-दहा दिवसांत. सोयाबीन-तुरीचं कुटार एकदम टाकू नका. चंदी थोडी-थोडी करून दोन-तीनदा द्या. खळं असेल तेव्हा घोडा साखळीला, दोराला नाही. कोंबड्यांचं आणि काही ठिकाणी गाईंचं तयार खाद्य यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. तेवढ्यानंही घोड्याचं हृदय बंद पडतं, म्हणून ती पोती पागेपासून लांब ठेवा. आपल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात एक घोडा दिवसाला चाळीस लिटर आणि त्याहून जास्त पाणी पितो. हौद दुपारी तापला की तो पीत नाही, आणि पाणी कमी झालं की पोट बांधतं. हौदावर सावली करा. माझ्या पागेत पोटदुखीच्या फेऱ्या त्यानंतरच कमी झाल्या.

यात्रेतून घोडा आणत असाल, माळेगावातून असो की सारंगखेड्यातून, तर ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचा कागद मागा. रक्ताची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रात होते. हा आजार माणसालाही होतो, २००९ च्या कायद्यानं तो कळवावा लागतो, आणि बाधित घोड्यावर इलाज केला जात नाही, त्याला मारावंच लागतं. नवीन घोडा आणला की तीन आठवडे वेगळा बांधा, वेगळा हौद, वेगळा तोबरा.

९. डॉक्टर गेल्यानंतर

निघायच्या आधी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: कोणतं औषध किती वेळा, कोणती खूण दिसली तर पुन्हा फोन, आणि सगळं ठीक असेल तर कधी कळवायचं. स्नायूतली पुढची इंजेक्शनं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जवळच्या दवाखान्यातले पर्यवेक्षक देऊ शकतील का, ते तिथेच विचारा. तसं झालं तर तीन फेऱ्यांची एक होते. रोज ठरलेल्या वेळी ताप आणि ठोके पाठवा, जखमेचा फोटो पाठवा. न विचारता पाठवलेली ही दोन ओळींची माहिती डॉक्टरांना फार आवडते, आणि पुढच्या वेळी रात्री दोनला तुमचा फोन ते पहिल्या रिंगला उचलतात.

वहीत तारीख, आजार, औषध, वजन आणि बिलाची रक्कम लिहा. पागेच्या दाराला आतून एक पत्रा ठोकून त्यावर चार फोन नंबर रंगानं लिहून ठेवा: सरकारी दवाखाना, १९६२, नळीवाले डॉक्टर, पिकअपवाला. तुम्ही गावात नसताना घोडा आजारी पडला तर तुमच्या आईनं किंवा मोतद्दारानं तुमच्या मोबाईलची वाट पाहू नये.